को वनचा शर्ट

एखाद्या बाईनं दोरीवर शर्ट वाळत घातला, तर त्यात चौकशी करण्यासारखं काय आहे? सायगॉनमध्ये ऊन फुकट आहे, दोरी माझी आहे, आणि शर्ट मी स्वतः पारखून विकत घेतलेला होता. तरीही त्या शर्टापायी गल्लीनं माझं नाव एका धिप्पाड परदेशी माणसाशी जोडलं, कारभाऱ्यांनी माझ्या घरात नोंद न केलेला पाहुणा शोधला, आणि माझ्या सासूबाईंनी... पण सासूबाईंचं पुढे. त्यांना घाईघाईत कुठे आणलेलं आवडत नाही.

शर्ट साधा नव्हता हे मान्य. वाघपट्ट्यांचा होता. युद्धाच्या काळात इकडच्या पलटणींना अक्कल शिकवायला जे अमेरिकन सल्लागार आले, ते पलटणीबरोबर रानात जायचे आणि त्यासाठी इथल्याच शिंप्यांकडून हिरव्या-काळ्या-मातकट पट्ट्यांचे कपडे शिवून घ्यायचे. आमच्या भाषेत सल्लागाराला 'को वन' म्हणतात. को वनचा खराखुरा शर्ट आता दुर्मीळ. जगभर लोक तो जमवतात आणि त्याच्या एकेका टाक्यावरून भांडतात.

मला हे कळलं ते बाळाला पाजताना. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत माणूस कुठेही पोचतो. मी पोचले ती अशा ठिकाणी, जिथे दोन प्रौढ पुरुष एका खिशाच्या झाकणावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि दोघंही चूक होते, हे मला नुसत्या फोटोवरून दिसत होतं. मी कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत तपासनीस आहे, म्हणजे बाळंतपणाची रजा संपली की पुन्हा असेन. शिवणीवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. गेले कित्येक महिने मी दुधाचं यंत्र म्हणून काम करत होते. त्या दिवशी अचानक आठवलं, की आपल्याला काहीतरी येतं. मग ठरवलं, की आपणही एक शर्ट मिळवायचा. फक्त एक. पण खरा.

जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात खिएम नावाचा दुकानदार आहे. खिएम म्हणजे नम्र. नाव ठेवणाऱ्यांनी बाळाचा चेहरा नीट पाहिला नसावा.

"ताई, माझ्याकडचं सगळं युद्धातलं," तो म्हणाला.

"हा पंखा?"

"युद्धातला."

"तुम्ही बसलाय ते प्लास्टिकचं स्टूल?"

"ताई, तुम्ही फार संशय घेता. संशयानं दूध आटतं."

त्यानं दिलेला पहिला शर्ट मी घरी आणून भिजत घातला. त्याच बादलीत कोळंबीचे लंगोट होते. (कोळंबी म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव फार सुंदर आहे, पण सुंदर नावानं तान्ह्या मुलीला हाक मारून नसत्या शक्तींचं लक्ष कोण वेधून घेईल?) दोन तासांनी शर्ट पांढरट झाला होता आणि एकूण एक लंगोट लढाईला तयार झाला होता.

समोरच्या सहाव्या मावशी गॅलरीतून ओरडल्या, "काय गं लाम, कोळंबी कुठल्या पलटणीत लागली?" आमच्या दक्षिणेत नावापेक्षा नंबर चालतो. मोजणी दोनपासून सुरू होते, त्यामुळे सहाव्या मावशी म्हणजे आईबापांचं पाचवं अपत्य. बाकी चौघांच्या वाटणीचं कुतूहलही देवानं त्यांनाच दिलंय.

"रंग गेला, मावशी."

"गेला कुठे? आला म्हण! मिठाच्या पाण्यात उकळ."

मिठाच्या पाण्यानं काळे पट्टे जांभळे झाले. शेजारच्या वहिनींनी तांदळाचं धुवण सुचवलं. त्यांच्या जावेनं चिंच सुचवली. एका आजोबांनी खाली उभं राहून, कुणी विचारलं नसताना, सांगितलं की त्यांच्या तरुणपणी कपड्यांचे रंग जायचे नाहीत, कारण माणसं कपडे धूत नसत. शेवटी कोळंबी पंधरवडाभर जांभळ्या वाघाच्या पिल्लासारखी रांगत होती, आणि मला ती इतकी गोड दिसायची की मी दोन लंगोट जपून ठेवलेत. पण ते असो.

सासूबाईंनी ते लंगोट पाहिले. बादलीतला शर्टही पाहिला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सैन्याचे कपडे ह्या घरात नकोत," आणि आत जाऊन भाजी इतक्या जोरात चिरू लागल्या, की मी कारण विचारलं नाही. माझ्या जागी शहाणी सून असती तर तिथेच थांबली असती. पण मला खोटा शर्ट विकला गेला होता. मला! तपासनीस बाईला! हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. फक्त आता तो चोरून सोडवायचा होता.

"बाळाच्या लशीचं विचारून येते," असं सांगून मी बाजारात जायला लागले.

"बाळ तर माझ्याकडे," सासूबाई म्हणायच्या.

"नुसतं विचारून यायचंय."

"किती वेळा विचारशील? तारीख बदलते की लस बदलते?"

मी साधी पँट घालायचे. ओठांना रंगसुद्धा लावत नव्हते. फक्त केस विंचरायचे. पण घरात सहा महिन्यांचं बाळ असताना बाईनं केस विंचरले, हाच सासूबाईंच्या लेखी भक्कम पुरावा. त्यात माझा नवरा तोआन समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनियर, महिन्यातून एकदा घरी. परत आले की सासूबाई माझ्याकडे न बघता कोळंबीला विचारायच्या, "विचार तुझ्या आईला, कुठे गेली होती? सांग म्हणावं, आज्जीला लोक विचारतात."

लोक म्हणजे सहाव्या मावशी.

आणि एके दिवशी तो मिळाला. खिएमच्या दुकानात पोत्यांच्या ढिगाखाली, मांजराच्या अंगाखाली. मी मांजर उचललं आणि शर्ट उलटा केला. रंग कापडात मुरलेला, वर थापलेला नव्हे. सुती दोरा, वयानं पिवळा पडलेला. खिशाचा कोपरा घाईत दुमडलेला, पण सरावाच्या हातानं. खोटं करणारा माणूस फार नीटनेटकं शिवतो. खऱ्याला ऑर्डर पुरी करायची घाई असते. गळ्यात आतून मापाचा शिक्का: US-L. इथल्या शिवणकारखान्यांत तेव्हा दोन मापं असायची, एक आपल्या माणसांचं आणि एक अमेरिकन देहाचं. हे दुसरं होतं. त्या शर्टात मी, कोळंबी आणि मांजर आरामात राहिलो असतो.

खऱ्या संग्राहकानं असा शर्ट धुवायचा नसतो. पण त्याला मांजराचा वास येत होता आणि माझं बाळ दिसेल ते तोंडात घालतं. मी तो अलगद, हातानं, बाळाच्या साबणानं धुतला, गच्चीवर गोधडीच्या मागे लपवून टांगला आणि खाली येऊन पाजायला बसले. वारा सुटला. गोधडी उडाली. शर्ट दोन्ही हात पसरून सहाव्या मावशींच्या गॅलरीकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी आठवे काका आले. आठवे काका म्हणजे आमच्या गल्लीच्या रहिवासी गटाचे प्रमुख. निवृत्त मास्तर, कायम इस्त्रीचा पायजमा आणि काखेत कातडी पिशवी. कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला की त्याची तात्पुरती नोंद झाली पाहिजे, ह्या एका नियमावर त्यांचं आयुष्य उभं आहे.

"लाम, घरी कोण आलंय?" त्यांनी चपला काढता काढता आतल्या चपला मोजल्या.

"कुणी नाही, काका."

"बरं, बरं. मी चौकशी करत नाहीये." ते बसले. "फक्त विचारतोय. माणूस उंचीला किती असेल?"

"कुठला माणूस?"

"परदेशी असेल तर चोवीस तासांत नोंद लागते. मी तुझ्या बाजूचा आहे, पोरी. तोआन दूर असतो, मी समजू शकतो. पण नोंद ही नोंद."

"काका, तो नुसता शर्ट आहे!"

"शर्ट एकटा येत नाही," आठवे काका गंभीरपणे म्हणाले, आणि जाताना त्यांनी न्हाणीघराच्या दारावर टकटक केली. आतून कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांचा संशय आणखी पक्का झाला.

त्यानंतर मी गल्लीतून चालले की बायकांचे आवाज खाली यायचे आणि मी पुढे गेले की वर जायचे. कोपऱ्यावरच्या कॉफीवालीनं एकदा मला न मागता दोन ग्लास दिले. तोआनचा फोन आला. त्यानं आधी समुद्राचं हवामान सांगितलं, मग जेवणाचं, मग म्हणाला, "आपल्या न्हाणीघरात कोण राहतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे राहतं?"

मी त्याला शर्टाबद्दल सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बायकोला मित्र आहे हे एकवेळ मला समजलं असतं." पण हसला. तोआन तसा भला आहे.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. बोलतही नव्हत्या. जेवताना ताटातला माशाचा चांगला तुकडा त्या पूर्वी माझ्याकडे सरकवायच्या, मला दूध यावं म्हणून. आता माझ्या वाट्याला शेपटी यायला लागली. हसण्यावारी नेऊ नका. सहा महिने रात्रंदिवस त्या बाईनं माझं बाळ झोळीत झुलवलं होतं. मला ताप आला तेव्हा माझे केस धुतले होते. त्यांच्या नजरेतून उतरणं म्हणजे काय, हे मला त्या शेपटीनं सांगितलं.

त्यातच मला शर्टाच्या एका बटणाची शंका आली. बाकीच्यांपेक्षा ते किंचित फिकट होतं. दुपारी सासूबाई मागे झोपल्यात असं समजून मी खिएमला फोन लावला. कोळंबी मांडीवर, म्हणून फोन खाली ठेवून आवाज मोठा केला. आमच्या घरात भिंतींना पडद्यांइतकाच जाडपणा आहे आणि त्या दिवशी मधे पडदाच होता.

"खिएम दादा, खरं सांगा. हा शर्ट को वनचाच आहे ना?"

"ताई, परत संशय? को वनचाच! शंभर टक्के!"

"तुम्हाला कसं माहीत?"

आता ह्या माणसाला गोष्ट रचायला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं आवाज ओला केला. "माझ्या आईच्या पेटीतला आहे तो. तिच्या हातचं जेवायचे को वन. फार साधा माणूस. पोरांसाठी खिशात गोळ्या असायच्या. एक दिवस गेले ते गेले, ताई. परत नाहीत आले. मागे एवढंच राहिलं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगवत नाही, ताई."

मी फोन बंद केला. मनात म्हटलं, पहिल्या शर्टाच्या वेळी ह्यानंच सांगितलं होतं की तो हेलिकॉप्टरमधून पडला. तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या सरळ आल्या, खुर्चीवर पडलेला शर्ट त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, जसा देव्हाऱ्यातला नैवेद्य उचलतात, आणि म्हणाल्या, "माझ्या बाबांचं नाव तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं नाव, आई?"

"वन."

इथे थोडं थांबायला हवं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचं नाव घरात उच्चारत नाहीत. गेलेल्यांचं तर नाहीच. तोआनच्या आजोबांचं नाव काय, हे लग्नाला चार वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तर मलाच असभ्य म्हटलं असतं. दुसरं म्हणजे, घरात बाळ आलं की सगळी नाती बाळाच्या बाजूनं मोजली जातात. सासूबाई 'आज्जी' झाल्या, आणि त्यांचे वडील झाले पणजोबा. पणजोबाला आमच्या भाषेत म्हणतात 'को'.

को वन. सल्लागार. आणि को वन, म्हणजे पणजोबा वन. उच्चारात केसाचाही फरक नाही.

"आई, तो माणूस म्हणत होता ते..."

"ऐकलं मी सगळं." त्या खाली बसल्या. "बाजारात जात होतीस ते ह्यासाठी. लशीचं खोटं सांगून. त्यांना शोधत होतीस. आणि मी काय काय समजले गं तुला!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्या रडत होत्या, आणि त्यांना मी ह्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता त्यांनी सांगितलं. त्यांचे बाबा जुन्या, म्हणजे युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या सैन्यात ट्रकचालक. एका सकाळी गेले आणि आलेच नाहीत. ना निरोप, ना थडगं. आणि युद्ध संपलं त्या आठवड्यात त्यांच्या आईनं भीतीपोटी बाबांचा गणवेश, टोपी, एकुलता एक फोटो, सगळं चुलीत घातलं. "आम्ही त्या चुलीवर भात शिजवला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, ते कपडे घरात नकोत. धूर आठवतो."

त्या दिवशी जेवताना माशाचं डोकं, गाल, डोळे, सगळं माझ्या वाडग्यात. मी ते कसं गिळलं ते माझं मला माहीत.

पण सासूबाई स्वभावानं माझ्याइतक्याच संशयी. भांडी आवरताना त्या थबकल्या. "त्या दुकानदाराच्या आईच्या हातचं बाबा का जेवायचे?"

"अं?"

"माझ्या आईच्या हाताला काय झालं होतं? कोण ही बाई? आणि त्यांचा शर्ट हिच्या पेटीत कसा?"

दोन दिवस त्या ह्याच विचारात होत्या. एका बाजूनं त्यांनी शर्टाला इस्त्री करून देव्हाऱ्यासमोर टांगलं, पुढे उदबत्ती लावली, आंबे ठेवले. दुसऱ्या बाजूनं उदबत्तीच्या धुरातून त्या शर्टाकडे अशा बघायच्या, जणू तो वर्षानुवर्षं घरी उशिरा येणारा नवरा आहे. मी म्हटलं, "आई, खाणावळ असेल."

"खाणावळवाल्या पेटीत शर्ट जपत नाहीत."

तेवढ्यात आठवे काका पुन्हा आले. ह्या वेळी बरोबर कोरा नोंदणीचा कागद होता. देव्हाऱ्यासमोर टांगलेला शर्ट बघून ते दचकले. "हा कुणाचा?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "को वनचा."

आठव्या काकांच्या हातातलं पेन पडलं. "सल्लागाराचा? म्हणजे... पुन्हा आलेत? कुठल्या खात्याला?"

"आले कसले! गेले. कधीच गेले."

"गेले? मग इथे कशाला टांगलाय?"

"मग कुठे टांगू? माझे वडील आहेत ते!"

"तुमचे वडील सल्लागार होते?" काका आता कुजबुजायला लागले. "चौथ्या बाई, हे इतकी वर्षं तुम्ही गटापासून लपवलंत?"

"सल्लागार कसले, ट्रक चालवायचे!"

"सल्लागारांचा?"

शेवटी मीच मधे पडले. को म्हणजे पणजोबा, वन हे नाव, असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त सगळं खरं नव्हतं. आठव्या काकांनी घाम पुसला. "म्हणजे मुक्कामाला असलेली व्यक्ती मयत आहे! मग तात्पुरत्या नोंदीचा प्रश्नच येत नाही." कागद पिशवीत घालून, शर्टाला तीनदा वाकून नमस्कार करून ते निघून गेले, आणि वाटेत सहाव्या मावशींना सांगून गेले. तासाभरात अख्खी गल्ली फळं घेऊन दारात. कालपर्यंत मी जिच्या घरात गोरा माणूस लपलाय अशी बाई होते. आज सासऱ्याकडच्या हरवलेल्या माणसाला शोधून आणणारी सून झाले. (तो सासूकडचा होता, पण कौतुकाच्या भरात लोक नाती तपासत नाहीत.) सहाव्या मावशींनी माझा हात धरला. "मला पहिल्यापासून खात्री होती," त्या म्हणाल्या. डोळ्याला डोळा भिडवून.

मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. पण सासूबाईंनी एव्हाना बाबांचं श्राद्ध स्वतःच्या घरी घालायचं ठरवलं होतं. हे साधं नव्हे. दरवर्षी, बाबा गेले त्या तारखेला, ते श्राद्ध गावी मोठ्या भावाकडे होतं. थोरल्या मुलाचा मान. आणि सासूबाई स्वतःच्या बापाच्या श्राद्धाला पाहुण्यासारख्या जायच्या, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरायच्या आणि भांडी घासून परत यायच्या. आता त्यांच्याकडे शर्ट होता. त्यांनी भावाला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला, "दादा, ह्या वर्षी तुम्ही या."

मामा आले. दोन नंबर मामा, वय सत्तरीच्या आसपास, बुटके, सुके, बांबूसारखे ताठ. हातात जिवंत बदकांची पिशवी आणि चेहऱ्यावर असा भाव, की इथे कुणीतरी कुणालातरी फसवतंय आणि ते आज उघड करून जाणार. माझी त्यांच्याशी लगेच मनोमन जवळीक झाली. माझ्याच जातीचा माणूस! फक्त आज गुन्हेगार मी होते.

नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण, अंडी, भरलेल्या कारल्याचं सूप, चिकट भाताचे मोदकासारखे गोळे, सगळं देव्हाऱ्यासमोर मांडलं. गल्लीतली माणसं सतरंजीवर दाटीनं बसली. तोआन सुट्टी काढून आला होता. त्याला सगळं माहीत होतं, म्हणून तो कोळंबीच्या मानेत तोंड खुपसून बसला होता.

मामा मात्र बसले नाहीत. ते शर्टाभोवती फिरले. बाही उचलून बघितली. गळा उलटा केला.

"चौथे," ते बहिणीला म्हणाले, "इथे काय लिहिलंय?"

"मला चष्मा नाही."

"मला आहे. यू एस लिहिलंय. पुढे एल. हे अमेरिकन माणसाचं माप आहे."

"तेव्हा जे मिळेल ते घालायचे," सासूबाई म्हणाल्या.

"सूनबाई!" मामा माझ्याकडे वळले. "कुठे मिळाला हा?"

"बाजारात, मामा."

"देणाऱ्यानं काय सांगितलं?"

"को वनचा आहे म्हणाला."

मामांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडताना मला दिसला. त्यांनाही शब्दाचे दोन्ही अर्थ येत होते. मी मान खाली घातली. आता संपलं. आता हा माणूस भर सतरंजीवर ते बोलणार आणि सासूबाई सगळ्या गल्लीसमोर, फळांच्या टोपल्यांसमोर, दुसऱ्यांदा बाप गमावणार, आणि तेही माझ्या छंदापायी.

मामांनी शर्ट खाली काढला आणि अंगात घातला.

कुणीतरी फसकन हसलं. शर्ट मामांच्या गुडघ्यापर्यंत येत होता. हात बाह्यांत बुडाले होते. गळ्यातून त्यांचं छोटंसं डोकं कासवासारखं बाहेर आलं होतं. सहाव्या मावशी, पदर नसल्यामुळे, तोंडात रुमाल कोंबून हलत होत्या.

"बघा सगळ्यांनी," मामा म्हणाले. "लोक म्हणतात मी हुबेहूब बाबांसारखा. हीच उंची, हेच खांदे. चौथे, बाबा ह्या शर्टात दोनदा मावले असते. तू काय टांगलंयस इथे?"

हसणं थांबलं. सासूबाई उठल्या. मला वाटलं, आत जातील. त्या भावाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक लोंबती बाही हातात घेतली.

"तुम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होतात, दादा," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्याएवढे झाला होतात. मी आठ वर्षांची होते. मला ते एवढेच मोठे दिसायचे."



मामांनी शर्टाकडे, म्हणजे स्वतःकडे, बघितलं. मग त्यांनी बटणं सोडली, शर्ट काढला, नीट झटकला, खांद्याच्या शिवणी जुळवून पुन्हा देव्हाऱ्यासमोर टांगला. तीन उदबत्त्या पेटवल्या. कपाळापर्यंत उचलल्या.

"बाबा," ते खाकरून म्हणाले, "बरेच सुटलात हो."

आधी सासूबाई हसल्या. मग मामा. मग दोघं भाऊबहीण असे हसले, की कोळंबी घाबरून रडायला लागली आणि तिला कुणी उचलावं ह्यावरून त्यांचं भांडण झालं. बदकं सुटली. आठवे काका दोन वाट्या तांदळाची दारू पिऊन को वनविषयी असं बोलायला लागले, जणू दोघं एकाच ट्रकमधून फिरले होते. अंधार पडायच्या आत मामा निघाले. जाताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन फक्त, "पोरी, बटण एक चुकीचं आहे," एवढं सांगितलं आणि गेले.

म्हणजे मला जे फिकट वाटलं होतं ते. मला माझ्या नोकरीवर परत जाण्याविषयी प्रथमच धीर आला.

सगळे गेल्यावर मी आणि सासूबाई भांडी घासायला बसलो. कोळंबी माझ्या पाठीला बांधलेली, झोपेत माझे केस धरून. ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"आई," मी म्हटलं, "तो शर्ट खरं तर..."

"ताटं पूस."

"पण मला तुम्हाला सांगायचंय..."

"लाम, मी साठ वर्षांची आहे. दुकानदारावर विश्वास ठेवायचं माझं वय गेलं." त्यांनी एक वाटी दिव्याच्या बाजूला धरून डाग राहिलाय का बघितलं, आणि नसलेला डाग घासला. "इतक्या वर्षांनी त्यांचं नाव घरात कुणी मोठ्यानं घेतलं. मला वाटलं, हाक ऐकू आली तर उत्तर द्यायला हवं."

मी ताटं पुसली. सगळी. दोनदा.

"तो तुमचाच आता, आई," मी शेवटी म्हटलं.

"माहितेय." त्या हात पुसत उठल्या, देव्हाऱ्याकडे मान वळवून शर्टाकडे तिरकं बघितलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे बाहेर सहाव्या मावशींना ऐकू जाणार नाही एवढा. "पुढच्या वेळी बाजारात जाशील तेव्हा मला घेऊन जा. त्या बाईच्या पेटीत पँटही असणार. इतक्या लोकांपुढे ते नुसत्या शर्टावर बसलेले बरं दिसत नाही."